खिशातलं शेत

जगाचं पोट शेती भरते आणि यापुढे शेतीचं पोट मोबाइल भरणार आहे, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी ऑफिसात, जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीत आणि एकदा तर दाढ दुखत असताना तोंडात कापूस धरूनही मांडलेलं आहे. मतं बनायला माणसाचं उभं आयुष्य खर्ची पडतं असं ऐकतो. माझं हे मत एका रविवारी दुपारी, जेवण आणि झोप यांच्या मधल्या वेळात बनलं, आणि त्याचं कारण शेती नव्हतं. कारण आमच्या घरातली मागची खोली हे होतं.

ही खोली म्हणजे घर बांधणाऱ्याच्या हातून झालेली चूक आहे. कोठीघर म्हणावं तर लांब, झोपायची खोली म्हणावं तर अरुंद. तिथे माझी एक आरामखुर्ची आहे, फक्त डावीकडेच मान वळवणारा एक टेबलफॅन आहे, आणि कात्रणं कापण्यासाठी मी राखून ठेवलेला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आहे. कात्रणं अजून कापायची आहेत. मी विमा कंपनीत आहे. दिवसभर लोकांच्या बुडालेल्या, जळालेल्या आणि आदळलेल्या वस्तूंची वर्णनं वाचून झाल्यावर मी त्या खुर्चीत बसतो, तेव्हा मी कोणाचा नवरा नसतो, कोणाचा हाताखालचा नसतो. एवढीच माझी इस्टेट.

त्या रविवारी सासरे जेवायला आले होते. सासरे करखात्यातून निवृत्त झाले आणि शहराबाहेर जमिनीचा एक तुकडा घेऊन, त्यावर दोन खोल्या बांधून शेतकरी झाले. शेती ते रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमातून शिकले. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात त्यांना डुलकी लागत असे, त्यामुळे त्यांचं लावणीचं ज्ञान पक्कं आणि काढणीचं कच्चं. शेत दरवर्षी उत्साहाने सुरू होई आणि मध्यंतरानंतर रेंगाळे. तर हात पुसता पुसता सासरे म्हणाले की आता पुरे झालं. यंदाच्या हंगामात शेताने आपला खर्च आपण भागवला तर ते तिथेच राहतील, नाही तर जमीन विकून शहरात येतील.

बायकोने मागच्या खोलीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिची नजर कुठे आणि किती वेळ टेकली यावरून घरातलं कोणतं सामान हलणार आहे ते मला कळतं.

मी घाम पुसत गॅलरीत आलो तर मेव्हणा आधीच तिथे उभा होता. मेव्हणा बायकोचा धाकटा भाऊ. तो ॲप बनवतो. त्याने आजवर काढलेल्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या आहेत, पण त्यामुळे त्याच्या बोलण्यातला आत्मविश्वास वाढतच गेला आहे. खालच्या आवाजात तो म्हणाला, “भाऊजी, शहरात बाबांना घरं दोनच. एक माझं आणि एक तुमचं. आणि त्यांना लळा ताईचा जास्त.”

मी म्हणालो, “मग काय करायचं?”

“शेताला खर्च भागवायला लावायचा.”

त्याची योजना त्याने कठड्यावर बोटाने काढून दाखवली. भाजी विकण्यात राम नाही, कारण भाजी सगळेच विकतात. आपण भाजी विकायची नाही, शेतकरी असल्याचा अनुभव विकायचा. शहरातल्या माणसाने हंगामाची वर्गणी भरून एकेक रोप भाड्याने घ्यायचं. रोपासमोर कॅमेरा, मुळाशी ओल मोजणारी काडी आणि पाण्याच्या नळीला एक छोटा व्हॉल्व्ह. ग्राहकाने घरबसल्या रोप बघायचं, त्याची ओल बघायची, आणि वाटेल तेव्हा ‘पाणी द्या’ हे बटण दाबायचं. बटण इथे दाबलं की व्हॉल्व्ह तिथे उघडणार. ‘शेत तुमच्या खिशात.’ ही ओळ त्याला तिथेच, कठड्यावर सुचली. मला ते सगळं इतकं पटलं की त्या रात्री मी बायकोला शेतीच्या भवितव्यावर बरंच काही ऐकवलं. ती म्हणाली, “गॅस बंद केलात का?”

ग्राहक गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. सुरुवात इमारतीपासून केली. आमच्या सोसायटीचे चेअरमन हे अत्यंत जबाबदार गृहस्थ आहेत. पाण्याच्या टाकीचं झाकण ते स्वतः वर जाऊन मोजून येतात. त्यांनी पाऊण तास माझी उलटतपासणी घेतली. जमिनीचा उतार कोणत्या बाजूला आहे, शेजारच्या रोपाचा मालक कोण असेल, आणि दोन वेल एकमेकांत गुंतले तर वाद कोणापुढे न्यायचा. शेवटी त्यांनी काकडीचा एक वेल घेतला, पण ओळीत पहिला, कारण चेअरमनचा वेल मधे कुठेतरी असणं बरं दिसणार नाही. ॲपमध्ये रोपाला नाव द्यायची सोय होती. त्यांनी वेलाला स्वतःचंच नाव दिलं, पुढे ‘चेअरमन’ लावून.

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी टोमॅटो घेतला. त्यांचं म्हणणं असं की दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून कंटाळा येतो, बघायला काहीतरी मिटलेलं हवं. आमच्या ऑफिसच्या कॅशियरने ढोबळी मिरची घेतली आणि ती चोरीला गेल्यास विमा मिळेल का अशी चौकशी केली. सल्ले मात्र न घेणाऱ्यांनी जास्त दिले. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की वनस्पतींना संगीत लागतं, आणि त्यांच्याकडे बासरी आहे. मी म्हणालो, बघतो. काका अजून विचारतात.

मग पाण्याचा प्रश्न आला. सासऱ्यांच्या विहिरीत एवढ्या मालकांना पुरेल इतकं पाणी नव्हतं, म्हणून नळजोडणीचा अर्ज केला. पाणीपुरवठा कार्यालयातले अधिकारी शांत, सभ्य आणि कशालाही नकार न देणारे होते. होकारही देत नसत. त्यांनी विचारलं, प्रयोजन काय? मी म्हटलं, शेती. शेताला पाणी कोण देणार? ग्राहक. ते राहतात कुठे? कोणी आमच्या इमारतीत, कोणी माझ्या ऑफिसजवळ. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. जो शेतावर नाही तो शेताला पाणी देतो, याला शेती म्हणता येईल असा नियम त्यांना सापडेना. मग व्यवसाय लिहा, असं मी सुचवलं. व्यवसायाला जागेचा दरवाजा लागतो. शेताला दरवाजा नव्हता. निदान शटर आहे का, असं त्यांनी फार आशेने विचारलं.

पुढच्या खेपेला मी मेव्हण्याला नेलं. त्याने त्यांना ‘बिझनेस मॉडेल’ समजावून सांगितलं, बाणाबाणांचं चित्रही काढून दिलं. अधिकाऱ्यांनी चित्र आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं आणि विचारलं, की म्हणजे लोक पैसे भरून पाणी उडताना बघणार? मेव्हणा म्हणाला, एका अर्थी हो. अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. आमची जोडणी ‘कारंजी, हौद व तत्सम शोभेची कामे’ या सदराखाली मंजूर झाली. तेव्हा मला अपमान वाटला होता. नंतर जे झालं ते पाहता तो माणूस द्रष्टा म्हटला पाहिजे.

ॲप सुरू झालं त्या सकाळी मी खुर्चीत बसून कात्रणांच्या गठ्ठ्याकडे प्रेमाने बघत होतो. दुपारी सासऱ्यांचा फोन आला. सासरे करखात्यातले, त्यामुळे कोणतीही आपत्ती ते चौकशीच्या सुरात सांगतात.

“जावईबापू, पाणी किती द्यायचं याला काही मर्यादा ठेवली आहे का?”

मी म्हणालो, “का बाबा?”

“नाही, माझी एक चप्पल आत्ता चेअरमनसाहेबांच्या काकडीकडून डॉक्टरबाईंच्या टोमॅटोकडे गेली. म्हणून विचारलं.”

आम्ही एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. माणसाच्या हातात पाणी द्यायचं बटण असलं की माणूस पाणी देतो. त्याला शेतकी कारण लागत नाही. चेअरमन दर बातमीनंतर पाणी देत. कॅशियर हिशेब जुळला की आनंदाने देई आणि नाही जुळला की मन रमवायला देई. डॉक्टरबाईंनी तर पेशंटना सवय लावली होती: सुई टोचायच्या आधी त्यांच्या हातात फोन द्यायचा आणि सांगायचं, हे बटण दाबत राहा, दुखणार नाही. त्यांच्या दवाखान्यात त्या आठवड्यात एकही माणूस ओरडला नाही. टोमॅटो मात्र गळ्यापर्यंत बुडाला.

त्यात मेव्हण्याचा उपद्व्याप वेगळाच होता. ग्राहकाने ॲप उघडत राहावं म्हणून त्याने दिवसातून अनेकदा ‘तुमच्या रोपाला तहान लागली आहे’ असा संदेश जायची सोय केली होती. रोपाच्या तहानेशी त्याचा संबंध नव्हता. चिखलात उभी असलेली, पानं पिवळी पडलेली मिरची दिवसभर शहरातल्या माणसांकडे पाणी मागत होती, आणि माणसं दयाळू निघाली.

आम्ही रेशनिंग लावलं. प्रत्येकाला दिवसाला एकदाच पाणी. त्यावर शिष्टमंडळ आलं. चेअरमन म्हणाले की पाण्यावर बंधन घालायचा अधिकार इमारतीत फक्त त्यांना आहे. ज्यांना रोपाचा कंटाळा आला होता ते आपली पाळी दुसऱ्याला देऊ लागले. ऑफिसात एका पाळीच्या बदल्यात एक चहा असा भाव फुटला. चेअरमननी पत्नीच्या, मुलीच्या आणि व्याह्यांच्या फोनवर ॲप घेतलं. आणि जे नियम पाळत होते ते सगळे चहाच्या वेळीच बटण दाबत, त्यामुळे दिवसभर कोरडं असलेलं शेत चारच्या सुमारास एकदम भरून येई. सासरे खुर्ची मागे घेत. ते तक्रार करत नव्हते. ते फक्त म्हणाले, “जमिनीला गिऱ्हाईक बघून ठेवायला हवं.”

त्या वाक्यासरशी मला माझ्या खोलीत टेबलफॅनच्या शेजारी एक रेडिओ दिसू लागला. सकाळच्या कार्यक्रमासकट.

मी रात्रभर विचार केला, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला झोप लागली होती. उपाय सुचला तो दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या लिफ्टपाशी. ऑफिसात लिफ्टचं बटण दाबून झालं तरी येणारा प्रत्येक जण ते पुन्हा दाबतो. त्याने लिफ्ट लवकर येत नाही. पण माणूस शांत उभा राहतो. मी तिथूनच मेव्हण्याला फोन केला आणि म्हणालो, “बटण राहू दे. व्हॉल्व्ह काढ.”

तो म्हणाला, “भाऊजी, हे फसवणुकीत बसतं की सुधारणेत?”

“आपण पाणी देतोय की नाही?” मी विचारलं. “रोज सकाळी, लागेल तेवढं. मग ते कोणाच्या बोटाने दिलं याने काय बिघडतं?”

“म्हणजे सुधारणेत,” तो म्हणाला. असल्या बाबतीत त्याचं समाधान लवकर होतं.

त्याने व्हॉल्व्ह काढून टाकले आणि कॅमेरे मुळांऐवजी पानांकडे वळवले. आता बटण दाबलं की फोनवर एक निळा थेंब पडे, बुडबुड असा गोड आवाज येई आणि ‘पाणी पोहोचलं, धन्यवाद’ अशी अक्षरं उमटत. रेशनिंग उठवलं. शेताचा मुख्य नळ रोज सकाळी सासरे सोडू लागले. बाकीचं ज्ञान त्यांना कार्यक्रमाच्या पूर्वार्धातून होतंच. चिखल वाळला, पानं सावरली, फुलं धरली. आणि प्रत्येकाला खात्री पटली की हे आपल्या बोटामुळे झालं. कॅशियर पहाटेच्या पाण्याचा पुरस्कर्ता झाला. चेअरमन सोसायटीच्या सभेत सांगू लागले की बटण दाबायला एक हात लागतो. तुम्ही लोक खसकन दाबता, मी हलकेच दाबतो, फरक वेलाकडे बघितला की कळतो. मी मान डोलवली. अपमान गिळायची मला सवय आहे; विम्यात ती लागतेच.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून मंडळींनी शेत बघायला जायचं ठरवलं.

मी नाना प्रकारे टाळायला पाहिलं. रस्ता खराब आहे, कुत्रं आहे, ऊन आहे. चेअरमननी मिनीबस ठरवली. वर आदल्या दिवशी पाणीपुरवठा कार्यालयाने रस्ता खणायला घेतला आणि जोडणी बंद करून ठेवली. शोभेच्या कामांचं पाणी आधी तोडतात, असा नियम आहे म्हणे. म्हणजे मुख्य नळही कोरडा.

मिनीबस शेतावर पोचली. चेअरमन टोपी घालून उतरले. मंडळी पाट्या वाचत आपापलं रोप शोधू लागली, आणि सापडल्यावर लग्नघरात लांबचे नातेवाईक भेटावेत तसे जरा संकोचून त्याच्यापुढे उभी राहिली. डॉक्टरबाई टोमॅटोपुढे उकिडव्या बसल्या आणि हिरड्या बघाव्यात तशी पानं उलटून बघू लागल्या. सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले होते. बायको त्यांच्या शेजारी. मेव्हणा मिनीबसच्या मागे.

चेअरमननी खाकरून सगळ्यांना जवळ बोलावलं. हलकेच दाबणं म्हणजे काय ते आता प्रत्यक्ष दाखवतो, म्हणाले. त्यांनी फोन काढला, वेलाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. निळा थेंब पडला. बुडबुड झालं. पाणी पोहोचलं, धन्यवाद.

सगळ्यांनी खाली पाहिलं. वेलाच्या मुळाशी नळीचं तोंड कोरडं ठाक होतं. त्यातून एक मुंगी बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं आणि परत आत गेली.

मी मनातल्या मनात पुढचा सगळा रस्ता चालून आलो: वर्गण्या परत, जमिनीला गिऱ्हाईक, टेम्पोत सामान, टेबलावर रेडिओ, आणि आरामखुर्ची गॅलरीत, उन्हापावसात. मग असं वाटलं की निदान इभ्रत तरी वाचवावी. मी पुढे झालो.

“मला तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे,” मी म्हणालो.

“थांबा हो,” चेअरमन म्हणाले. “मधे मधे करू नका.”

ते वाकले. त्यांनी नळीकडे निरखून पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढून फोनची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. मग सरळ उभे राहिले.

“पोहोचलंय,” ते म्हणाले.

“पण दिसत नाही,” कॅशियर म्हणाला.

“दिसेल कसं? पूर्वी दिसायचं. हे आधुनिक आहे.”

“मुळाशी थेट जात असणार,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आम्हीसुद्धा आता वरून काही करत नाही.”

मंडळींच्या छातीवरचं ओझं उतरलं. कॅशियरनेही बटण दाबलं. मग सगळ्यांनीच दाबलं. त्या कोरड्या शेतावर चहूबाजूंनी बुडबुड बुडबुड असा आवाज भरून राहिला आणि लोक समाधानाने एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, हवेत गारवा आला. मी जवळच्या पालथ्या घमेल्यावर बसलो. मेव्हणा मिनीबसमागून बाहेर आला आणि पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू झाल्याचं त्याने जाहीर केलं.

सासऱ्यांनीही खुर्चीत बसल्या बसल्या खिशातून फोन काढून बटण दाबलेलं मी पाहिलं. नळ त्यांच्याच हातात होता, तो बंद आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मी नुसतं बघितलं तर म्हणाले, “असू द्या. सगळे देतायत तर आपण बसून राहणं बरं दिसत नाही.”

रस्ता बुजला, पाणी आलं, हंगाम आटोपला. ठरल्याप्रमाणे फळ ग्राहकाचं होतं, पण न्यायला फारसं कोणी आलं नाही. डॉक्टरबाईंना आपला टोमॅटो चिरवेना. कॅशियरला मिरची झेपत नव्हती, हे त्याने तेव्हा सांगितलं. चेअरमननी काकडीचा फोटो मोठा करून घेतला आणि काकडी तिथेच ठेवली. मग ती सगळी भाजी सासऱ्यांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला, नेहमीच्या नाक्यावर, नेहमीच्या भावाने दिली. वर्गणी होतीच. शेताने आपला खर्च भागवला.

आम्ही तिघे, म्हणजे बायको, मेव्हणा आणि मी, त्या दिवशी सासऱ्यांकडेच होतो. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले की जमीन विकायचा विचार सोडला, आपण इथेच बरे आहोत. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मला इतकं हलकं वाटलं की मी एकदम दिलदार झालो. धोका टळल्यावर माणसाने दिलदार व्हायला हरकत नसते.

“बाबा,” मी म्हणालो, “शेत चाललं नसतं तरी काळजी नव्हती. आमची मागची खोली तुमचीच होती.”

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. “तुमच्याकडे कशाला?” ते म्हणाले. “मी याच्याकडे जाणार होतो. हंगामाच्या आधीच सांगून ठेवलं होतं याला.”

मेव्हण्याला तेवढ्यात फोन आला. निदान तो कानाला लावून तो बाहेर गेला.

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली की तिला कपाट हलवायचं होतं, त्या खोलीत मावेल का ते बघत होती. खोली वाचली याचा आनंद मला झालाच होता, तो कुठे गेला नव्हता. तरी थोडं लागलं. मी जरा दुखावल्या सुरात विचारलं, “पण आमच्याकडे का नाही, बाबा?”

“माझे गुडघे,” सासरे म्हणाले. “याच्या इमारतीला लिफ्ट आहे.”

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.